वरणाचा वास लागलेला बांबू

आमच्या टेकडीवरच्या देवापुढं काडेपेटी चालत नाही. देव म्हणजे शेंदूर लावलेला धोंडा. वर छप्पर नाही, खाली ओटा नाही. भात झोडून झालं की सापगावच्या वरच्या अंगाला चढून जायचं, कोंबडा द्यायचा, तिथंच शिजवायचा, तिथंच खायचा. घरी काही आणायचं नाही. आणि चूल पेटवायची ती रानातल्या वस्तूनं. ही रीत माझ्या आज्यानं घातली. आग ज्याच्या हातची, कोंबड्याची मुंडी त्याच्या पानात. आजा गेला, बाप गेला, तेव्हापासून मुंडी माझी. भावकीत दुसऱ्या कुणाला बांबूवर बांबू घासून आग काढता येत नाही आणि मी कुणाला शिकवायच्या भानगडीत पडलो नाही. शिकवली की मुंडी गेली.

शाळेत मी फार टिकलो नाही, पण या कामात माझी चूक कुणी काढून दाखवावी. वाळक्या बांबूची एक फाक जमिनीवर पालथी घालायची. तिला मधे आडवी खाच, खाचेला बारीक भोक. दुसऱ्या फाकेची धार त्या खाचेत धरून करवतीसारखी ओढायची. धूर येतो, काळा भुगा खाली पडतो, तो भुगा सावरीच्या कापसात घ्यायचा आणि फुंकायचा. बाकी सगळं बांबूच्या वाळण्यावर. म्हणून माझ्या दोन्ही फाका चुलीवरच्या माळ्यावर वर्षभर धूर खात पडलेल्या असायच्या.

गेल्या वर्षी व्याही आले. म्हणजे सुनेचे वडील, वैशाखरे गावचे. माणूस जुन्या वळणाचा. लेकीला अजून मूलबाळ नाही म्हणून तिच्या सासरी पाणीसुद्धा घेत नाहीत. आले की ओट्यावर बसतात, लेकीला डोळे भरून बघतात आणि तहानलेले परत जातात. देवाला मात्र येतो म्हणाले. टेकडी चढता चढता त्यांनी बंडीच्या खिशातून गारगोटी आणि कानशीचा तुकडा काढला.

"व्याही, आमच्याकडं चकमक चालते. गारगोटी रानातलीच की. तुमचा बांबू नाय पेटला तर सांगा हां."

"माझा बांबू पेटत नाय असं झालंय का कदी?"

"नाय पेटला तर मुंडी कुनाची?"

"पेटवील त्याची," मी म्हणालो. बोलून गेलो, आता मागं कसं फिरणार?

मुलानं कोंबडा साफ केला, तीन धोंडे मांडले, वर टोप चढवला. मी मांडी ठोकून बसलो आणि बांबू ओढायला लागलो. ओढला, ओढला. खांदे भरून आले. खाच आरशासारखी गुळगुळीत झाली, पण भुगा पडेना. धूर तर नाहीच. बांबू गरम झाला तसा एक वास मात्र सुटला. व्याह्यांनी नाक पुढं केलं.

"व्याही, आगीचं र्‍हाऊ द्या, पन वरन शिजलं तुमचं. जिऱ्याची फोडनी हाय."

मी फाक नाकाशी धरली. खरंच वरणाचा वास! तेव्हा कुठं डोक्यात उजेड पडला. पावसाळ्याच्या आधी सुनेनं स्वयंपाक गॅसवर नेला होता. चुलीवर आता कांद्याची टोपली असते आणि माळ्याखाली कुकर. माझा बांबू सबंध पावसाळाभर धूर सोडून वाफ पीत बसला होता.

"हे तुमच्या लेकीचं काम!" मी व्याह्यांवर ओरडलो. "चूल बंद केली तिनं!"

"मंग काय डोळं फोडून घ्यायचं तिनं धुरात? तुमच्या बांबूसाटी?"

मी परत बांबू ओढायला लागलो.

मुलगा बिचारा भुकेला. हळूच म्हणाला, "बाबा, माज्याकडं लायटर हाय."

"तुज्याकडं लायटर कशाला?"

मुलगा टोपात बघायला लागला. सासरे समोर, बाप समोर.

"तुजं घरी बघतो," मी म्हणालो.

मग व्याही सरसावले. गारगोटीवर कानस हाणली की ठिणग्या अशा पडायच्या की कबूल करायला जीव होत नव्हता. पण त्यांचा कापूस बंडीच्या खिशातला, टेकडी चढताना घामानं भिजलेला. ठिणगी पडायची आणि मरायची. मला बरं वाटलं. माझा सावरीचा कापूस पत्र्याच्या डबीत होता, कोरडा खडखडीत.

"व्याही, चिमूटभर कापूस द्या की."

"नाय."

"देव उपाशी बसलाय."

"देवाला सवय हाय."

"आनि तुमाला?"

माझ्या पोटानं तेवढ्यात आवाज केला. मी डबी उघडली, पण कापूस माझ्याच हातात धरला. आग कुणाच्या हातची असं पुढं कुणी विचारलं तर हात माझा पाहिजे. त्यांनी कानस हाणली. ठिणगी कापसात बसली, तांबडा ठिपका पसरायला लागला. मी फुंकलं. समोरून त्यांनीही फुंकलं, गड्याचा भाता केवढा! जाळ उठला तो सरळ माझ्या मिशीत.

मुलानं पेटता कापूस पाचोळ्यात घालून चूल धरवली, तोवर मी उजवी मिशी चोळत होतो. व्याही पोट धरून हसत होते.

"हसताय काय? माजी मिशी जळली, म्हंजे आग माजी. दुसऱ्याच्या आगीनं कुनी मिशी जाळून घेतो का?"

कोंबडा शिजला. मुलानं पळसाच्या पानावर मुंडी घालून माझ्यापुढं ठेवली. मी ऐटीत व्याह्यांकडं बघितलं, तर ते लांब धोंड्यावर बसून फडक्यातली भाकरी सोडत होते. घरून आणलेली. बरोबर कांदा.

"हे काय?"

"लेकीच्या घरचं कसं खाऊ?"

मुंडी हातात आणि जळायला समोर कुणी नाही! आणि खरं सांगायचं तर तो कांदा मला बघवेना.

"हे घर हाय का?" मी म्हणालो. "भिंत दावा. छप्पर दावा. रानात कुनाची लेक नि कुनाचं सासर? आनि ठिनगी तर तुमची व्हती."

व्याह्यांनी भाकरी खाली ठेवली. "ठिनगी माजी, कबूल?"

"ठिनगी म्हनलो. आग नाय म्हनलो."

"ठिनगी माजी तर चूल माजी. चूल माजी तर जेवान माजं. मंग मी लेकीच्या सासरी जेवत नाय. तुमीच माज्याकडं जेवताय."

असं म्हणून ते उठले, माझ्या पानावरची मुंडी उचलली आणि परत माझ्याच पानावर ठेवली. वर डाव भरून रस्सा वाढला. "घ्या व्याही. लाजू नका, आपलंच समजा."

उठून जावं असं मनात आलं होतं. पण ते पहिल्यांदाच आमच्यात बसून जेवत होते, तीनदा रस्सा मागून घेतला. मी मुंडी खाल्ली. गावात मी सांगतो की मुंडी मीच खाल्ली. वैशाखऱ्यात ते सांगतात की त्यांनी मला जेवू घातलं. आम्ही दोघंही खोटं बोलत नाही.

घरी येऊन मी परसात चूल मांडली. सगळ्यांच्या आंघोळीचं पाणी आता मीच तापवतो आणि नव्या दोन फाका वर टांगल्यात. सून विचारते, "बाबा, ही चूल पन बांबूनंच पेटवता का?" छे, काडेपेटीनं. परसात कुठं देव आहे?

यंदा व्याह्यांना निरोप धाडलाय, चकमक घरी ठेवून या. त्यांचा उलट निरोप आला, भाकरीपण घरीच ठेवून येतो.