पडलेल्या अक्षराची भोकं

ही माझी धाकटी बहीण. सख्खी. शेवाळावर डॉक्टरेट करते. आमच्या घराण्यात एवढं कुणी शिकलं नाही, आणि पुढे कुणी शिकेल असं मला तरी वाटत नाही.

मी निऑनच्या पाट्या बनवतो. काचेची नळी आगीवर धरायची आणि अक्षर वळवायचं. या बाजारात असा हात दुसऱ्या कुणाचा नाही, कुणालाही विचारा. शेजारच्या किल्लीवाल्याला तेवढं विचारू नका. तो म्हणतो, "शेवाळ बघायला कॉलेज कशाला? गच्चीवर माझी झाकण फुटलेली टाकी आहे, हवं तेवढं ने म्हणावं."

त्याला काय कळणार. तळ्यातलं हे निळं-हिरवं शेवाळ विष बनवतं. त्याच्या आत जीन्सची एक रांग असते. प्रत्येकाने आपापला मणी ओवायचा, की विषाची माळ तयार. पण बहिणीच्या एका शेवाळात विषच नव्हतं. ती म्हणायची, याच्या पूर्वजांकडे अख्खी रांग होती, मधला तुकडा नंतर गळाला. तिच्या गाईड मॅडमना पटेना. "तुझ्या बाटलीत दोन जातींची भेसळ झालीय. एकाच धाग्यापासून वाढवून दाखव, नाहीतर हे प्रकरण प्रबंधातून काढ."

म्हणजे सगळी मेहनत पाण्यात. हे शेवाळ केसासारख्या धाग्यांनी वाढतं, आणि धागा उचलायच्या विकतच्या काचनळीत एकाऐवजी तीन-तीन शिरायचे. ती माझ्या दुकानात येऊन बसली.

"काय झालं गं?"

"दादा, केसापेक्षा बारीक नळी ओढशील?"

"कुणाच्या केसापेक्षा? तुझ्या की माझ्या?"

"तुझ्या डोक्यावर राहिलेत कुठे?"

ओढली. आधीच्या काही तुटल्या, काच हलकी होती. मग जी ओढली, ती फुंकरीने हलत होती. तिने मायक्रोस्कोपखाली त्या नळीने एक धागा उचलला, स्वच्छ पाण्यात धुतला आणि मंद उजेडात ठेवला. काही आठवड्यांनी बाटली हिरवी झाली. मग तिने त्यातले जीन्स वाचून काढले. मधला तुकडा नव्हताच, पण दोन्ही बाजूंना त्याची तुटकी टोकं शिल्लक होती. भेसळ नव्हती.

मी म्हटलं, "म्हणजे पाटीवरचं अक्षर पडलं तरी भिंतीत भोकं राहतात, तसंच की. तिथे अक्षर होतं, हे भोकंच सांगतात."

मॅडमसमोर तिने हेच सांगितलं, आणि माझा दादा म्हणाला असं म्हणून सांगितलं. प्रकरण राहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती एक रिकामी बाटली घेऊन आली. मला वाटलं माझ्याकडे. ती सरळ किल्लीवाल्यापुढे जाऊन उभी राहिली.

"काका, टाकी दाखवा."

"अगं, मी गंमत केली होती."

"मी नाही करत. त्यात विषाची रांग अख्खी आहे का, ते बघते. तोवर ते पाणी पिऊ नका."

किल्लीवाल्याने हातातला घरून आणलेला चहा खाली ठेवला. मी माझा टपरीवरचा सावकाश संपवला.