जावळाचा चेंडू

बऱ्हाणपूरजवळच्या लालबागच्या केळीबागांतला उखर्डू मुकादम सकाळी भित्रा आणि संध्याकाळी निधडा होता, हे त्याच्या हाताखालच्या सगळ्या गड्यांना ठाऊक होतं. सकाळी वाटेत बैल आडवा बसलेला दिसला तर हा बांधावरून मैलभर वळसा घाली. विहिरीत डोकावत नसे, शिडीवर चढत नसे. आणि दिवस कलला की हाच माणूस केळीच्या खोडाला बिलगलेला साप शेपटीला धरून ओढून काढी. लग्नसुद्धा त्याने गोरज मुहूर्तावरच लावलं. सकाळच्या मुहूर्ताचं नाव काढलं तर म्हणे, तेवढी जोखीम नको. लोक म्हणत, माणूस तऱ्हेवाईक. तो होताच. पण त्याचं कारण एका चेंडूत होतं, आणि ते सांगायचं तर थेट उकिरड्यापासून सुरुवात करावी लागते.

त्याची आई भागाबाई. तिची पहिली चार मुलं पाळण्यातच गेली. पाचवं झालं तेव्हा सुईणीने त्याला उकिरड्यावर लोळवलं, सुपात घालून परत आणलं आणि नाव ठेवलं उखर्डू. असल्या नावाच्या पोराकडे मरणही ढुंकून बघत नाही म्हणतात. भागाबाईचं तेवढ्याने समाधान झालं नाही. तिने इच्छापूरच्या देवीला नवस बोलला, की नऊ वर्षं पोराच्या केसाला कात्री लावणार नाही, मग तुझ्या पायरीवर जावळ काढीन आणि केस राजघाटावर तापीत सोडीन. केस तापीला पोचले की पोरगं आईचं. तोवर ते देवीचं, आणि देवीने कधी मागून घ्यावं याला धरबंध नाही.

तर उखर्डू शाळेत वेणी घालून जाई. पोरांनी दोन दिवस चिडवलं, तिसऱ्या दिवशी त्याला आबाधाबीच्या खेळात घेतलं, कारण गडी कमी पडत होता. चेंडू म्हणजे चिंध्यांचा गोळा, त्यावर केळीच्या सोपटाची दोरी गच्च गुंडाळलेली. पावसात भिजला की निव्वळ धोंडा. ज्याच्या अंगावर बसेल तो बाद, बाद झालेल्याने रेषेबाहेर बसायचं, आणि शेवटी उरेल तो राजा. पहिल्याच आठवड्यात चेंडू उखर्डूच्या वेणीला लागला आणि भांडण जुंपलं. केस देवीचे. मग बाद झालं कोण? देवीला रेषेबाहेर बसवायची छाती कुणाची नव्हती. शेवटी नियम ठरला, की देवीच्या केसांना लागलेला चेंडू मोजायचा नाही. पुढे वेणी कमरेपर्यंत आली आणि माश्या वारणाऱ्या बैलाने शेपटी फिरवावी तशी उखर्डू ती फिरवायला शिकला. दोन वर्षं राजा तोच.

मग छप्पन साल उजाडलं. राजधानी नागपूरहून भोपाळला जाणार, मराठी मुलूख मुंबईकडे जाणार, बाजारात रोज नवा नकाशा. भागाबाईला त्यातलं एवढंच कळलं की इच्छापूर अगदी सरहद्दीला आहे.

"देवी तिकडल्या राज्यात गेली तं आपला नवस कोन वयखीन?" ती नवऱ्याला म्हणाली. "नऊ वर्सं भरो का न भरो, आताच चाला."

"देवी कुठी जाते?" उखर्डूचा बाप कडू पाटील म्हणाला. "ते आपल्या जाग्यावरच बसेल राहीन."

"नागपूर बी जाग्यावरच बसेल हाये. गेली ना राजधानी?"

कडू पाटील उठला. त्याने गाडी जुंपली.

दिवाळीच्या तोंडावर, वय वर्षं आठ असताना, उखर्डूचं जावळ निघालं. केस लाल फडक्यात बांधून घरी आणले आणि खुंटीला अडकवले. तापीवर सोमवारी जायचं होतं. त्याच संध्याकाळी उखर्डू टक्कल घेऊन खेळायला गेला आणि तिन्ही डावांत पहिला बाद झाला. मोतीलाल नावाचा एक पोरगा होता, कापडवाल्याचा. दोन वर्षं त्याचे सगळे नेम वेणीवर फुकट गेले होते. त्याने त्या दिवशी सगळी भरपाई टकलावर केली.

उखर्डू रात्रभर तळमळला आणि सकाळी त्याच्या डोक्यात उजेड पडला. जिथे देवीचे केस, तिथे बाद नाही. त्याने खुंटीवरचं गाठोडं काढलं, केसांचा गोळा करून नव्या चेंडूच्या पोटात घातला, आणि लाल फडक्यात केळीच्या सोपटाचा भुरा धागा कोंबून गाठ होती तशी बांधून ठेवली.

संध्याकाळी मोतीलालचा पहिलाच चेंडू टकलावर बसला. उखर्डू जागचा हलला नाही.

"बाद नाही. देवीच्या केसाला लागला."

"कुठले केस?"

उखर्डूने चेंडूची दोरी जरा सैल करून आतली काळी बट दाखवली. पोरं चार पावलं मागे सरली. मोतीलाल मात्र व्यापाऱ्याचा मुलगा, त्याने डोकं खाजवलं आणि म्हणाला, "तो फिर मी पण बाद नाही. केस चेंडूतच आहेत ना? कोणाला पण लागला तरी केसालाच लागला."

आणि खरंच, कुणीच बाद होईना. आठ पोरं अंधार पडेपर्यंत एकमेकांना बडवत होती आणि सगळीच्या सगळी डावात. दुसऱ्या दिवशी तोच प्रकार, तिसऱ्या दिवशीही तोच. चेंडू बदलावा म्हटलं तर चालू डावात चेंडू बदलायचा नाही आणि उकलायचाही नाही, हा गल्लीचा जुना कायदा. डाव संपवावा, तर तो संपायला कुणीतरी बाद व्हायला हवं.

शेवटी सगळे प्रभाकर गुरुजींकडे गेले. गुरुजींचं स्वतःचंच काही ठरत नव्हतं. त्यांनी बदलीचा अर्ज जुन्या राजधानीला केला होता आणि उत्तर आता नवीकडून यायचं होतं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, चष्मा पुसला आणि कागदावर सुवाच्य अक्षरात लिहून दिलं: 'वरून स्पष्ट सूचना येईपर्यंत चालू डाव चालूच समजण्यात यावा.' तो कागद मोतीलालने जपून ठेवला.

सोमवारी भागाबाई एकटीच राजघाटावर गेली. परत आली, ओसरीवर टेकली आणि लेकाकडे बराच वेळ बघत राहिली. "झालं," एवढंच म्हणाली.  तापीला काय पोचलं ते उखर्डूला माहीत होतं. केस चेंडूत, चेंडू डावात, डाव संपत नाही, म्हणजे तो अजून देवीचाच. कबूल करावं तर आई धसक्याने जाईल, आणि न करावं तर आपण जाऊ. त्याच आठवड्यात चेंडूची एक बाजू उसवली. भागाबाईने तो मागून घेतला, दुपारभर दार लोटून बसली आणि दाभणाने घट्ट शिवून दिला. दुसऱ्या दिवशी ती गोधड्या धुवायला म्हणून पुन्हा तापीवर गेली. पोराला चेंडू खेळायला मिळाला. बाकी कशाकडे त्याचं लक्ष नव्हतं.

तर असा तो सकाळी भित्रा झाला, कारण नवस अपुरा होता. आणि संध्याकाळी निधडा, कारण खेळाच्या वेळेला त्याला कोणी बाद करू शकत नव्हतं. पोरं मोठी झाली, पांगली. गावात उरलेली दरवर्षी पाडव्याच्या संध्याकाळी जमत आणि चार चेंडू एकमेकांना मारून घरी जात, डाव चालू राहावा म्हणून. टक्कल पडलेले, पोट सुटलेले बाप्ये एकमेकांच्या पाठीत चेंडू घालतात आणि गंभीर चेहऱ्याने म्हणतात, बाद नाही. बायकांनी कपाळाला हात लावून सोडून दिलं होतं.

बऱ्हाणपूर जिल्हा झाला त्या साली भागाबाई गेली, पिकल्या पानासारखी. दहाव्याला राजघाटावर न्हाव्याने उखर्डूचं डोकं पुन्हा एकदा गुळगुळीत केलं. पंचावन्न वर्षांचा हा बाप्या धोतरात चेंडू लपवून घेऊन आला होता. आई देवीपुढे उभी राहील आणि देवी विचारील, भागाबाई, केस कुठे आहेत? या विचाराने त्याला दहा दिवस अन्न गोड लागलं नव्हतं. सकाळची वेळ, तो पायऱ्या बसत बसत उतरला. तरी त्याने चेंडू तापीत टाकला. तो तरंगत पायरीशी परत आला. पुन्हा टाकला, पुन्हा आला. तिसऱ्यांदाही आला तेव्हा उखर्डू पाण्यातच बसला आणि गल्लीचा कायदा मोडून चेंडू उकलायला लागला.

दोरी सुटली, चिंध्या सुटल्या. कुणाच्या सदऱ्याची बाही निघाली, कुणाच्या चड्डीचा खिसा. सगळ्यांत आत हिरव्या लुगड्याचा एक तुकडा होता. ते लुगडं भागाबाईचं, त्याला चांगलं आठवत होतं. आणि तुकड्यात केस नव्हते. केळीच्या सोपटाचा भुरा धागा होता, त्यानेच कोंबलेला, आणि त्याला लाल फडक्याची एक चिंधी गाठ मारून बांधली होती.

म्हणजे त्या सोमवारी आईने घाटावर गाठोडं सोडून पाहिलं होतं. धागा परत आणला, उसवलेल्या चेंडूत बट दिसली तेव्हा शिवायच्या मिषाने केस काढून घेतले, दुसऱ्या दिवशी तापीत सोडले आणि ब्र काढला नाही. काढला असता तर पोरांचा डाव मोडला असता. आठव्या वर्षापासून तो तिचा होता, आणि सत्तेचाळीस वर्षं तो उगाच भ्याला. उखर्डू गुडघाभर पाण्यात हमसून हमसून रडला. न्हाव्याला वाटलं, आईसाठी रडतोय. ते खरंच होतं.

ओल्या धोतराने तो तडक शहरात मोतीलालच्या दुकानात गेला. वाटेत एक बैल आडवा बसला होता, त्याला याने खुशाल ओलांडलं. मोतीलाल गादीवर बसून कापड मोजत होता. उखर्डूने धागा आणि हिरवा तुकडा त्याच्यापुढे ठेवला आणि सगळं सांगितलं. मोतीलालने गज खाली ठेवला.

"मायने चेंडू शिवून दिला, त्या दिवशी पहिला कोणाला लागला होता?"

"तुलेच. पाठीत."

"मग मी बाद."

"तवापासून."

 मोतीलालने चष्मा काढून खिशात घातला, तो गुडघ्यांवर हात टेकून उठला आणि दुकानाच्या उंबऱ्याबाहेर पायरीवर जाऊन बसला. उखर्डू त्याच्याशेजारी बसला. त्यालाही त्या दिवशी दोनदा लागला होता. समोरून एक बाई आली आणि परकराचं कापड दाखवा म्हणाली.

"थांबा बाई जरा," मोतीलाल म्हणाला. "मला आत जाता येत नाही."