अकोल्यातलं माझ्या नावाचं कार्ड

भूतखेत, करणी, भास... असल्या गोष्टींवर माझा विश्वास कधीच नव्हता, आजही नाही. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. शिकून एवढी तरी अक्कल यायला हवी, असं मला वाटे. तरी जे घडलं ते जसंच्या तसं लिहितो.

साठ सालच्या आसपास मी अमरावतीच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होतो. अकोल्यातले नंबर आमच्याकडे नसत. कोणी तिथल्या माणसाचं नाव घेतलं की आम्हाला एवढंच ठाऊक — अकोल्याचं अकोल्याला विचारायचं. तिथल्या एक्स्चेंजच्या बोर्डावर ऑपरेटर अण्णाजी असत. ज्यांच्याकडे फोन नाही त्यांच्यासाठी त्यांनी स्वतःच्या सोयीनं कार्डं केली होती : अमक्याचं विचारायचं तर तमक्याच्या घरी. मग त्या घरातून येईल ते उत्तर खरं.

अकोल्यात माझी कोणी चौकशी केली तर, म्हणून माझंही एक कार्ड होतं. त्यावर वकीलकाकांचं घर, जुने शहर. कॉलेजची चार वर्षं मी त्यांच्या ओसरीवर राहून, त्यांच्या घरचं जेवून शिकलो. रिद्धपूरजवळच्या आमच्या खेड्यात बाबा त्यांचं नाव हात जोडून घेत. म्हणून अकोल्यातल्या एका नव्या हायस्कुलात मास्तरकीसाठी अर्ज केला, तेव्हा पत्ता आणि फोन त्यांचाच दिला. दुसऱ्या कोणाचा देणार?

ही नोकरी बाबांना हवी होती. "तारा जोडनं कोनालेबी येते," ते म्हणत. "तू पोरं शिकव."

महिना गेला, बोलावणं नाही. एका दुपारी दोनला ड्युटीवर बसलो. अकोल्याचा एकही कॉल बुक नव्हता. सहज म्हणून मी तिकडची लाईन घेतली.

"अण्णाजी, माझ्या नावानं कोणी विचारलं तर काय सांगता?"

थोडी खरखर... मग तोच घोगरा आवाज. "तुहं कार्ड वकिलाच्या घरचं हाये ना रे. शाळेच्या सेक्रेटरीनं तीनदा फोन केला. वकील म्हन्ते, पोराले मास्तरकी नाही करायची. भाच्याचं नाव पुढं केलं त्यानं. काहून बसून राहिला तिथं? ये!"

"थट्टा करता का, अण्णाजी?"

मी पुन्हा हाक मारली, मग प्लग काढला.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून बडनेऱ्याहून सकाळची गाडी धरली. शाळेचे सेक्रेटरी चष्म्यावरून बघतच राहिले. "तुम्हीच नको म्हणालात ना? वकीलसाहेबांनी कळवलं. त्यांचा भाचा परवा रुजूसुद्धा झाला."

वकीलकाका ओसरीवर सुपारी कातरत होते. सवयीनं मी पायाशी वाकलो, आणि मध्येच थांबलो.

"शाळेचा फोन आला होता, काका?"

अडकित्ता थांबला. "तुला सरकारी नोकरी आहे. त्याला काहीच नव्हतं. आणि या घरानं चार वर्षं तुला..."

काकूंनी चहा आणला. तो मी प्यालो. नको म्हणायचं धैर्य झालं नाही, याची आजही लाज वाटते.

तिथून एक्स्चेंजला गेलो. अण्णाजींना तीन वर्षं नुसतं आवाजानं ओळखत होतो. आभार मानले, तर ते गोंधळले. रजिस्टर माझ्यापुढं सरकवलं. "काल बारा ते चार अमरावती लाईन बंद होती. मूर्तिजापुराकडं खांब पडला होता. मी दोन वाजता झाडाखाली डबा खात होतो."

"पण ते तीन फोन, भाचा... तुम्हीच सांगितलंत!"

त्यांनी मान खाली घातली. "फोन आले, हे खरं. माह्याच हातानं जोडले, कानावर पडलं. तुले सांगावं असं रोज वाटे. पन दुसऱ्याचं बोलनं सांगू नये, असा नियम हाये. अन् वकिलाशी वाकडं कोन घेते?" मग हळूच म्हणाले, "म्या नाही सांगतलं, बापू."

परतल्यावर आमचं फॉल्ट रजिस्टर पाहिलं. आधीच्या ड्युटीवाल्याच्या अक्षरात तेच — बारापासून अकोला लाईन बंद. तो मला सांगायला विसरला होता. मग बंद तारेवरून माझ्याशी कोण बोललं? अण्णाजींच्या मनातलं, अण्णाजींच्याच आवाजात? उत्तर मिळालेलं नाही.

एक मात्र लक्षात आहे. अकोल्याच्या एक्स्चेंजमधून मी निघालो तेव्हा अण्णाजींनी माझं कार्ड काढलं, वकीलकाकांच्या नावावर काट मारली आणि टाक दौतीत बुडवून विचारलं, "आता कोनाचं घर लिहू?"

सारं अकोला आठवून पाहिलं. एकही नाव सुचलं नाही.