तुटेपर्यंत ओढणारे भाऊजी

वस्तू तुटली की आनंदाने उजळणारा माणूस मी जन्मात एकच पाहिला, आणि आमची ताई नेमकी त्यालाच दिली होती. भाऊजी अमरावतीला इंजिनिअरिंग कॉलेजात प्राध्यापक. विमानाच्या इंजिनात चालेल अशी, आत बारीक धागे घातलेली चिनी मातीची पट्टी भट्टीत लाल करायची, ओढायची, सोडायची, पुन्हा ओढायची, ती तुटेपर्यंत. हा त्यांचा संसार. ताई दुय्यम. लेकीच्या बारशालाही ते आले नाहीत, कारण पट्टी "आता तुटते, मग तुटते" अशी होती. ताईने पेढे भट्टीपाशी पाठवले. भाऊजी अकोल्याला आमच्याकडे आले की गप्पा मारता मारता चमचा मागेपुढे वाकवत बसायचे. कडकन मोडला की म्हणायचे, "पाह्य! एकडाव वाकवला तं काईच नाही. घडीघडी वाकवला, गेला!" ते येणार म्हटलं की माझी बायको चमचे लपवायची.

मग ताईला कॅन्सर निघाला. केमोसाठी दोघं दर खेपेला अकोल्याला आमच्याकडे उतरायची. औषध चढलं की ताई कोलमडायची, जरा सावरायची, तोवर पुढची खेप. भाऊजी चमच्यांना हात लावेनासे झाले. एकदा अंगणात मला म्हणाले, "तडा गेला मनून पट्टी तुटत नाही रे, धागे धरून ठेवतात. पण तड्यातून गरम हवा आत शिरते, अन् मंग धागेच कमजोर होतात." बोलताना नजर आत झोपलेल्या ताईकडे होती. मला त्या माणसाची भीती वाटली आणि फार दयाही आली.

शेवटी डॉक्टर म्हणाले, अजून औषध देता येईल, पण शरीर सोसेलच असं नाही, तुम्ही ठरवा. सगळे भाऊजींकडे बघू लागले. "मले मातीचं समजते, डॉक्टरसाहेब," ते म्हणाले, "माणसाचं नाही." तेव्हा पलंगावरून ताई बोलली, "अवो, भट्टीतल्या पट्टीले विचारता येत नाही. मले तं येते ना? विचारा की!"

भाऊजी पलंगाची दांडी धरून तिच्याकडे वाकले.

"काय करू?"

"घरी न्या मले."

त्यांनी नेलं. कॉलेजात रजा टाकली, भट्टी बंद केली, वरणभात शिकले. तो वाईट व्हायचा आणि ताई हसत खायची. थोडेच दिवस मिळाले, पण ती शुद्धीत होती, आपल्या घरात होती. गेली तेव्हा भाऊजी तिचे केस विंचरत होते.

अजून ते मला विचारतात, "आपण लवकर तं नाही थांबलो?" मी नाही म्हणतो. त्यांना ते पटत नाही, आणि खरं सांगायचं तर मलाही ठाऊक नाही.