दादाची अडतीसची नाडी

आमचा दादा गिलाव्याचा कारागीर, वय एकोणतीस. त्याची नाडी मिनिटाला अडतीस पडायची आणि घरादाराला त्याचा अभिमान होता. शेजारच्या कंपाउंडरने "खेळाडूचं हृदय आहे" असा निकाल दिला होता. आई ज्याला त्याला सांगायची, "माझं लेकरू शांत स्वभावाचं." या शांत लेकराने माझे दोन मोबाईल आपटलेत, पण ते असो.

मग एका सकाळी दादा परांचीवर भोवळ येऊन खाली पडला. नशीब, खाली वाळूचा ढीग होता. "न्याहारी केली नव्हती," म्हणाला. न्याहारी मीच वाढली होती, दोनदा.

मी त्याला ओढत दवाखान्यात नेलं. डॉक्टरबाईंनी हृदयाचा आलेख काढला, रक्त तपासलं आणि विचारलं, "घराच्या भिंती कशा आहेत?" मला वाटलं, बाईंना घर भाड्याने हवंय. भिंती मातीच्या, भेगाळलेल्या. गावभर लोकांच्या भिंती गुळगुळीत करणारा हा माणूस आमच्या भिंतींना "बघू पुढच्या महिन्यात" म्हणत आला होता. बाईंनी सांगितलं, त्या भेगांत ढेकणासारखा एक किडा राहतो, झोपेत चावतो. त्याच्या विष्ठेतून परजीवी रक्तात शिरतात आणि वर्षानुवर्षं गुपचूप हृदय पोखरतात; दादाची अडतीसची नाडी त्याचीच खूण.

"पेसमेकर बसवावा लागेल," बाई म्हणाल्या. "दर वेळी खाली वाळू नसते."

"मशीनवाल्याला परांचीवर कोण चढवतं?" दादा म्हणाला आणि चपला घालून निघाला. आठ दिवस आई रडली, मी भांडले. पालथ्या घड्यावर पाणी.

बाईंनी आईलाही बोलावून आम्हा दोघींचं रक्त तपासायला घेतलं होतं. आई सुटली. माझ्या रक्तात तेच परजीवी निघाले. वय बावीस, हृदय अजून ठीक, दोन महिने गोळ्या घ्यायच्या. मी घाबरले, खोटं कशाला बोलू.

दादाने माझा रिपोर्ट तीनदा वाचला.

"या गोळ्यांनी मळमळतं म्हणे."

"मळमळू दे."

"तू दोन दिवसांत फेकून देशील. लहानपणी खोकल्याचं औषध मोरीत ओतायचीस."

"मग?"

"मग काय! साठ दिवस तुझ्या डोक्यावर उभं राहायला कुणीतरी जिवंत पाहिजे ना?"

आणि त्याने आईला विचारलं, दवाखाना किती वाजता उघडतो.