चार वाजताचा शिक्का

"हे पहिलं प्रकरण काढून टाक."

"ताई, तेच काढलं तर पुस्तकात उरतं काय? प्रस्तावना आणि माझा फोटो?"

"फोटोही काढ. केस रंगवलेत त्यात."

भाऊ हसला नाही. टेबलावर त्याच्या पुस्तकाची मुद्रितं पसरली होती. पोलिसांच्या आधी गुन्हा उकलणारा बातमीदार म्हणून त्याचा एके काळी दबदबा होता. ताई त्याच वर्तमानपत्राच्या तळमजल्यावर, छोट्या जाहिरातींच्या खिडकीत, तीस वर्षं बसली. हरवलं, सापडलं, वधू पाहिजे, निधन. लोक तिला शिक्केबाई म्हणायचे. रडत आलेल्या माणसाला ती हळूच सांगायची, "यातलं 'अत्यंत' काढा, दुःख तेवढंच राहतं."

तिच्या शिक्क्यात तासाचं एक छोटं चाक होतं. दर तासाला ते बोटाने पुढे सरकवायचं, एवढंच काम. चाळीस वर्षांपूर्वी एका दुपारी रांग हटेना आणि चाक चारवरच राहिलं. खिडकी बंद करायच्या वेळी, साडेसहाला, घड्याळवाल्याचा पुतण्या काकाच्या निधनाची चिठ्ठी घेऊन आला. तिने शिक्का मारला. काका विषाने गेले होते, साडेपाचला. कुलूप लावताना तिला चाक दिसलं. उद्या चिठ्ठीवर दुरुस्त करू, म्हणाली.

सकाळी ती पोहोचली, तर भाऊ आधीच येऊन बसलेला. चिठ्ठ्या चाळता चाळता थबकला. काका जायच्या दीड तास आधीच निधनाची जाहिरात! एकेक पायरी गाळत तो जिना चढला. "अरे, ऐक तरी," ती मागून म्हणाली. पण हळू म्हणाली, हे तिला अजून आठवतं. दुसऱ्या दिवशी ते पहिल्या पानावर आलं. त्या चिठ्ठीशिवाय पुतण्याविरुद्ध दुसरं काहीच नव्हतं. तरी तो चौदा वर्षं आत राहिला.

"मी तुला त्याच आठवड्यात सांगितलं होतं," ताई म्हणाली. "जेवताना. तुझा घास हातातच राहिला. आधी काय विचारलंस? 'आणखी कोणाला बोललीस?'"

"तेव्हा बातमी छापून झाली होती."

"मग दुरुस्ती छापायची. कोणाच्या नावात काना चुकला तरी छापायचो आपण."

"आता त्याचं काय? कोणाला फरक पडतो?"

"त्याला पडतो. परवा बाजारामागच्या गल्लीत दिसला. अजून घड्याळं दुरुस्त करतो. दारावर पाटी आहे, तिच्यावर नाव नाही."

"भेटलीस?"

"रस्ता ओलांडून पलीकडून गेले." तिने मुद्रितांवर बोट ठेवलं. "खरं काय ते लिही, बाळ. नाहीतर हे छापू नकोस."

भावाने चष्मा काढला. आवाज चढवला नाही. तसा चढवला असता तर तिला सोपं गेलं असतं.

"मी लिहिलं, कबूल. पण शपथ घेऊन पिंजऱ्यात मी उभा नव्हतो, ताई. वकिलाने तुला सरळ विचारलं होतं, हा किती वाजता आला? पुतण्या तुझ्याकडे बघत होता. 'शिक्क्यावर आहे तीच वेळ,' हे कोण म्हणालं? मी म्हणालो होतो तुला असं सांगायला?"

ताईने पहिल्या प्रकरणाची पानं गोळा केली, टेबलावर आपटून कडा जुळवल्या आणि पिशवीत घातली. मग दाराशी जाऊन तिने चपला घातल्या.

"ताई, त्याच्याकडे निघालीस? काय सांगणार आहेस त्याला?"

"साडेसहा वाजले होते, एवढंच," ती म्हणाली आणि जिना उतरू लागली.