वरच्या दादांची डबी

बांधकामावर सगळे त्यांना वरचे दादा म्हणत. उंच क्रेनच्या माथ्यावर काचेची केबिन, केबिनमध्ये एक खुर्ची आणि खुर्चीत दादा. सकाळी शिडी चढून गेले की संध्याकाळीच खाली. मधेच उतरावं लागू नये म्हणून पाणी बेताबेतानंच प्यायचं, हा क्रेनवाल्यांचा शिरस्ता. मग बद्धकोष्ठ होणार, मूळव्याध होणार. शौचाला रक्त पडलं तरी 'खुर्चीचा आजार' म्हणून सोडून द्यायचं. दादांना तर कित्येक महिने रक्त पडत होतं.

यंदा कंपनीने पन्नाशीकडे झुकलेल्यांना एकेक डबी दिली. "घरून शौचाचा नमुना आणा. मोठ्या आतड्याचा कॅन्सर असलाच तर लवकर कळतो, लवकर कळला तर बराही होतो," कंपनीचे डॉक्टर म्हणाले. दादांनी वेगळाच हिशेब केला. रक्त सापडलं की खुर्ची गेली, आणि खाली येऊन हा माणूस करणार काय? क्रेनशिवाय त्यांना दुसरं काही येत नव्हतं.

घरी त्यांनी डबी बायकोपुढे ठेवली. "यात तुझा नमुना दे."

"इतक्या वर्षांत काय काय मागितलंत, पण हे नवीनच," ती हसत म्हणाली, आणि दिला. तिला काही होत नसे. रक्त तर कधी दिसलंच नव्हतं.

आठवड्याने डॉक्टरांनी दादांना बोलावलं. "डोळ्यांना न दिसणारं रक्त सापडलंय. कॅन्सरच असेल असं नाही, पण दुर्बिणीने आतडं तपासायला हवं."

घरी मात्र दादा "सगळं ठीक आहे" म्हणून मोकळे झाले. वर हळूच म्हणाले, "तूही एकदा तपासून घे ना."

"मला काय धाड भरलीय?" तिने शिवणयंत्र पुन्हा सुरू केलं.

दुसऱ्या दिवशी केबिनमध्येही दादांच्या डोक्यात तेच चालू होतं. बायकोला खरं सांगावं, तर ती तडक डॉक्टरांकडे जाणार आणि लबाडी उघडी पडणार. गप्प बसावं, तर दुर्बीण दादांच्या पोटात फिरणार आणि जिचं रक्त ती घरी शिवत बसणार. खाली माणसं मुंग्यांएवढी दिसत होती. हाक मारावी असं त्यांत कोणीच नव्हतं. लोखंडाच्या सळ्या हवेत लटकत होत्या आणि दादांचे हात थरथरू लागले. हात थरथरला की ओझं खाली ठेवायचं, एवढं त्यांना पक्कं ठाऊक होतं. त्यांनी सळ्या अलगद टेकवल्या आणि वॉकीटॉकीचं बटण दाबलं.

"सुपरवायझरसाहेब, डॉक्टरांना सांगा. ती डबी माझी नव्हती, बायकोची होती."

सगळ्या कामावर ते ऐकू गेलं. कोणीतरी फिसकन हसलं. दादा भरदुपारी शिडी उतरले.

संध्याकाळी दोघं डॉक्टरांसमोर बसली होती. तिला दुर्बिणीची तारीख मिळाली. नोकरीचं काय, ते अजून कोणी बोललं नव्हतं.

"आणि दादा, तुम्ही स्वतःचा नमुना का नाही दिलात?"

"रक्त पडतं. मूळव्याध आहे."

"कोणी तपासून सांगितलं?"

"आमच्यात सगळ्यांनाच असते."

बायको वळली. "कधीपासून?"

"बरेच महिने."

"डोळ्यांना रक्त दिसतंय, तर डबीत अडकू नका," डॉक्टर म्हणाले. "तुमचंही सरळ दुर्बिणीनेच बघू."

"माझं राहू द्या," ती म्हणाली. "आधी यांचं." आणि दादांनी उठून जाऊ नये म्हणून तिने त्यांचं मनगट घट्ट धरून ठेवलं.